शेवटचे शंभर मिलिमीटर

शास्त्रकारांनी माणसाला चार आश्रम सांगितले. कॅमेरा घेतलेल्या माणसालाही चारच असतात. पहिल्या आश्रमात तो घरातल्या मुलांचे फोटो काढतो. दुसऱ्यात देवळे, किल्ले आणि मावळता सूर्य. तिसऱ्यात फुलावरचे दवबिंदू. (हे दवबिंदू बहुधा गाडीची काच पुसायच्या फवाऱ्यातून आलेले असतात, पण ते सोडा.) आणि चौथ्या आश्रमात त्याला एके दिवशी पक्षी दिसतो. संपले! शास्त्रात वानप्रस्थानंतर संन्यास आहे. इथे वानप्रस्थ लागतो, संन्यास काही येत नाही. कारण लेन्सचे हप्ते चालू असतात.

पहिल्या पक्ष्याचा फोटो सगळ्यांचा सारखाच निघतो. कॅमेऱ्याबरोबर खोक्यातून येणारी लेन्स असते १८ ते ५५ मिलिमीटरची, आणि तिच्यातून तळ्याकाठचा बगळा तिळाएवढा येतो. तो तीळ घेऊन माणूस ऑफिसभर हिंडतो. आमच्या शाखेतल्या एका उत्साही तरुणाने हेड कॅशियरसाहेबांना असाच एक तीळ दाखवला.

"हा बघा साहेब, बगळा."

"कुठे?"

"हा काय!"

"हा होय? मला वाटलं, काच पुसायची राहिली."

हे वाक्य ज्याने ऐकले, तो त्याच संध्याकाळी लांब लेन्सच्या चौकशीला लागला म्हणून समजा.

आता लांब झूम लेन्सच्या समीक्षेचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. मी कॉमर्सचा पदवीधर. बहिर्गोल भिंगाशी माझी शेवटची गाठ दहावीच्या पेपरात पडली आणि त्या गाठीत दोघांनाही फारसा आनंद झाला नाही. पण माझे प्रामाणिक मत असे आहे, की लेन्स निवडणे हा विज्ञानाचा विषयच नव्हे. तो निव्वळ पुस्तपालनाचा विषय आहे. बी. कॉम.ला पहिल्या महिन्यात द्विनोंदी पद्धत शिकवतात. एका बाजूला काही जमा झाले, की दुसरीकडे कुठेतरी तेवढेच नावे पडलेच पाहिजे. लेन्सच्या जाहिरातीत फक्त जमेची बाजू छापलेली असते. नावे बाजू गिऱ्हाइकाने स्वतः भरायची असते, आणि ती बहुतेक जण घरी आल्यावर भरतात. समीक्षकाचे काम एवढेच, की तेरीज जुळते की नाही हे दुकानात जाण्यापूर्वी पाहायचे.

हे काम करणारे दुसरे लोक नाहीत असे नाही. लेन्सची परीक्षणे मुबलक आहेत. पण त्यांची एक पद्धत मला कधी उमगली नाही. ही मंडळी पक्ष्यासाठी बनवलेल्या लेन्सने विटांच्या भिंतीचा फोटो काढतात. मग तो फोटो मोठा करून डाव्या कोपऱ्यातली सगळ्यात खालची वीट तपासतात, आणि "कोपऱ्यात किंचित मऊपणा जाणवतो" असा शेरा मारतात. अहो, जाणवू द्या की! पक्षी कोपऱ्यात बसवतो कोण? लांब लेन्सने फोटो काढणाऱ्या माणसाची सगळी धडपड पक्षी कसाबसा चौकटीच्या मधोमध आणण्याची असते. कोपऱ्यात असते ते धुरकट गवत. कादंबरीचे परीक्षण लिहिताना पुठ्ठ्याच्या शिवणीचे दोरे मोजावेत, तशातला हा प्रकार. दोरे मोजू नयेत असे नाही, पण कथानक कुठे आहे?

कथानक तीन आकड्यांत आहे. पहिला फोकल लेंग्थचा, म्हणजे पक्षी किती मोठा दिसणार. दुसरा 'एफ'चा, म्हणजे उजेड किती येणार. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, हे त्यातले वैशिष्ट्य. तिसरा वजनाचा. तो खोक्यावर बारीक अक्षरात असतो आणि मानेवर ठळक अक्षरात.

पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. येणारे उत्तर म्हणजे ज्या तोंडातून लेन्स उजेड गिळते त्या तोंडाचा व्यास. हेच लेन्सचे खरे भांडवल. ५०० ला ५.६ ने भागले की ८९ मिलिमीटर येतात. ६०० ला ६.३ ने भागले की ९५. म्हणजे पुढची काच निदान एवढी मोठी हवीच. तिथे वाटाघाट नाही, सवलत नाही, दिवाळीची ऑफर नाही. लेन्स जपानची असो की आणखी कुठली, भागाकार सगळीकडे सारखाच येतो.

हा भागाकार हाती आला की बाजारातला निम्मा गोंधळ मिटतो. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली आणि ६०० मिलिमीटर हा आकडा पहिल्यांदा पगारदार माणसाच्या आवाक्यात आला. पुढच्याच वर्षी सिग्माने त्याच मापाच्या दोन बहिणी आणल्या, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स. २०१५ ला निकॉनची २०० ते ५०० आली, २०१९ ला सोनीची २०० ते ६००, २०२३ ला निकॉनची १८० ते ६०० आणि त्याच वर्षी कॅननची २०० ते ८००. यांतली सिग्माची स्पोर्ट्स बाजूला ठेवा. उरलेल्या सहा लेन्सेस पाच कंपन्यांच्या. प्रत्येकीचे भक्त वेगळे, आणि दोन पंथांचे भक्त एकाच जीपमध्ये बसले तर वाघ येऊन गेला तरी त्यांना पत्ता लागत नाही. पण या सहाही लेन्सेसच्या तोंडावर बसणाऱ्या फिल्टरचे माप काय? ९५ मिलिमीटर. सहाचे सहा! वजन काय? दोन किलोच्या थोडे अलीकडे नाहीतर थोडे पलीकडे. सर्वांत हलकी १.९३, सर्वांत जड २.३. म्हणजे सहा मुली पाहायला जावे आणि सहाही सख्ख्या बहिणी निघाव्यात, तसे हे. इतकी वर्षे भांडण चालले आहे ते झाकणावरच्या नावावरून.

मग फरक कशात आहे? भांडवल सारखे असले तरी धंदा प्रत्येकाने वेगळा मांडला आहे. निकॉनच्या ५०० वाल्या लेन्सचे तोंड ८९ मिलिमीटरचे, आणि कॅननच्या ८०० वालीचे? ८०० भागिले ९, बरोबर ८९! तेच भांडवल, फक्त लांब मुदतीवर पसरलेले. दुप्पट नाही तरी दीडपटीहून अधिक लांबी मिळाली, ती उजेड गहाण टाकून. एफ ५.६ च्या मानाने एफ ९ ला सेन्सरवर पडणारा उजेड अडीच पटींहून कमी. जिथे सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघत होता, तिथे आता चारशेव्या भागात काढावा लागतो. फांदीवर बसलेल्या खंड्याला ते चालते. सूर मारणाऱ्या खंड्याला चालत नाही. त्याची निळी रेघ येते. नवे कॅमेरे कमी उजेडात पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे पाहतात, त्यामुळे हे कर्ज फेडता येते हे मान्य. पण व्याज जाते ते दाणेदार फोटोच्या रूपाने.

या उलट निकॉनची ५०० वाली. ती २०० पासून ५०० पर्यंत एफ ५.६ च ठेवते. झूम केले म्हणून उजेड कापत नाही. हा सरळ व्यवहार मला आवडतो. हिची नावे बाजू म्हणजे वजन, आणि झूमची कडी इतकी लांब फिरते, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला मनगटाला मध्ये एकदा स्टेशन घ्यावे लागते. सोनीची २०० ते ६०० आणि निकॉनची १८० ते ६०० झूम करताना लांब होत नाहीत. सगळी हालचाल पोटातल्या पोटात. त्यामुळे तोल बदलत नाही. बाकीच्या लेन्सेस झूम केल्या की नाक पुढे काढतात आणि हातातला सगळा भार पुढे सरकतो. पण पोटात हालचाल करणारी लेन्स पिशवीतही फूटभर लांबच राहते, तिला आखडता येत नाही. जमा आणि नावे. तेरीज जुळली.

सिग्माच्या दोन बहिणींची तेरीज तर शाळेत शिकवावी अशी आहे. दोघींचे माप तेच, एफचा आकडा तोच. पण कंटेम्पररी १.९३ किलो आणि स्पोर्ट्स २.८६ किलो. हे जवळजवळ एक किलो कशाचे, तर पाणी आणि धूळ आत येऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताचे, आणि जरा अधिक भरभक्कम काचकामाचे. आता ज्याला भर पावसात, वाळवंटात काम करायचे आहे त्याने तो किलो जरूर उचलावा. पण आपल्यापैकी बहुतेक जण पाऊस आला की आधी कॅमेरा पिशवीत घालतात, मग स्वतः भिजतात. त्यांनी पावसाचा विमा काढून त्याचा हप्ता मानेने का भरावा?

आणि भांडवलाला मर्यादाच घालायची नाही असे ठरवले तर काय होते, हेही सिग्मानेच २००८ साली दाखवून दिले. २०० ते ५०० मिलिमीटर, सगळीकडे एफ २.८. भागाकार करा: तोंड जवळजवळ १७९ मिलिमीटरचे, म्हणजे जेवणाच्या छोट्या ताटलीएवढे. रंग लष्करी हिरवा. फोकस आणि झूम हलवायला लेन्सची स्वतःची बॅटरी. वजन १५.७ किलो. आपल्या घरच्या सिलिंडरात गॅस असतो १४.२ किलो, म्हणजे सिलिंडरातल्या गॅसहून ही लेन्स दीड किलोने जड. हिला पाहून पक्षी उडतो की माणसे पांगतात हा वेगळ्या समीक्षेचा विषय आहे.

वजनाची परीक्षा मात्र दुकानात होत नाही. दुकानात सगळ्या लेन्सेस हलक्या वाटतात, कारण तिथे उत्साह वजन उचलत असतो. परीक्षा घरी करावी. दोन किलो साखर, वर कॅमेऱ्याची म्हणून पाऊण किलो डाळ. ही पिशवी डोळ्याशी धरून पाच मिनिटे हलू नये. आमच्याकडे ही परीक्षा चालू असताना ही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, साखरेत काय दिसतंय?"

"काही नाही. थरथर किती होते ते बघतोय."

"मग ती खाली ठेवून डॉक्टरकडे जा."

परीक्षणकर्त्यांनी या परीक्षेचा उल्लेख करावा अशी माझी सूचना आहे. हात थरथरण्यावर कंपन्यांनी उपाय काढला आहे, लेन्समध्येच स्थिरीकरणाची सोय असते आणि ती खरोखर उत्तम चालते. पण ती आपला हात स्थिर करते, पक्ष्याला नाही. चिमणीला स्थिर करणारी लेन्स अजून निघायची आहे.

आता मुख्य वादाकडे येतो. ५०० की ६००? या शंभर मिलिमीटरपायी लोकांनी झोप घालवली आहे, धडधाकट लेन्सेस निम्म्या किमतीला विकल्या आहेत, आणि पर्सनल लोनच्या अर्जावर कारण म्हणून "घरदुरुस्ती" लिहिले आहे. (आम्ही काउंटरच्या आत बसणारे लोक कारण वाचतो, विचारत नाही.) म्हणून हा हिशेब मी रीतसर मांडला. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १७ सेंटीमीटर. तो वीस मीटरवर आडवा बसला आहे. ५०० मिलिमीटरने त्याची सेन्सरवरची प्रतिमा येते सव्वाचार मिलिमीटर. ६०० ने येते ५.१ मिलिमीटर. फरक एक मिलिमीटरही नाही! आणि ५०० वाल्या माणसाला हाच ५.१ चा खंड्या हवा असेल, तर त्याने वीस मीटरऐवजी पावणेसतरा मीटरवर असावे. म्हणजे हे शेवटचे शंभर मिलिमीटर जमिनीवर मोजले तर सव्वातीन मीटर भरतात. चार पावले. किंवा फोटोच्या कडा कापाव्यात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ५०० चे ६०० करायला कापाकापी केली, तर जवळजवळ १७ मेगापिक्सेल उरतात. भिंतीवर लावायला ते पुरतात, आणि आपले फोटो भिंतीवर लागतात किती?

उलट लांब टोकाच्या नादात आखूड टोकाकडे कुणी पाहतच नाही. ताडोबाला जाणारा प्रत्येक जण लेन्स कुठपर्यंत जाते हे विचारतो. कुठून सुरू होते हे विचारत नाही. वाघ जिप्सीपासून पंधरा मीटरवर आला, तर २०० मिलिमीटरच्या चौकटीत मावते २.७ मीटर रुंदी. भरदार नर वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तेवढाच भरतो. दहा मीटरवर आला तर शेपटी गेली, आणि तेव्हा ६०० मिलिमीटरच्या मालकाला मिळतो तो वाघाचा कान. कान मात्र फार स्पष्ट. तिथे कॅननची १०० ते ४०० मला अधिक समजूतदार वाटते. १९९८ साली निघाली तेव्हा तिचे झूम सायकलच्या पंपासारखे मागे-पुढे ओढावे लागे, आणि ती धूळही पंपासारखीच ओढते अशी तिची बदनामी झाली. २०१४ च्या नव्या आवृत्तीत कडी फिरवायची सोय झाली, वजन दीड किलोच्या थोडे वर राहिले आणि ती ९८ सेंटीमीटरवरच्या फुलपाखरावरसुद्धा फोकस करते. जंगलात जिप्सीच्या दांड्यावर तांदूळ भरलेली पिशवी ठेवावी, वर ही लेन्स टेकवावी. तिपाई जीपमध्ये उघडत नाही. उघडली तर शेजाऱ्याचा डोळा जातो.

आणखी एक गोष्ट कोणत्याच खोक्यावर छापलेली नसते, ती म्हणजे हवा. लेन्स लांब झाली म्हणजे पक्षी जवळ येत नाही, फक्त मोठा होतो. आणि मधली हवाही त्याच्याबरोबर मोठी होते. उन्हाळ्यात भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला दहानंतर जा. तापलेल्या चिखलावरून हवा अशी लहरत असते, की शंभर मीटरवरचा रोहित फोटोत पाण्यात सांडलेल्या गुलाबी शाईसारखा येतो. मग लोक लेन्सला शिव्या देतात. पंधरा लाखांची असती तरी तिने तेच दाखवले असते. यावर उपाय एकच, आणि तो लेन्सच्या दुकानात नसून घड्याळाच्या दुकानात मिळतो. पहाटे साडेचारचा गजर लावावा.

पण माझा खरा आक्षेप याहून पुढचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठी लेन्स घेतलेला माणूस लांब थांबेल अशी कुणाचीही अपेक्षा असते. प्रत्यक्षात तोच नावाड्याला सांगत असतो, "अजून जरा जवळ घ्या हो!" रोहित पक्षी मान खाली घालून चोचीने चिखल गाळत असतात. ते त्यांचे जेवण. नाव जवळ आली की आधी एकाची मान वर होते, मग दहांच्या, मग सगळा थवा एका दिशेने चालू लागतो. तिसरी पायरी उडण्याची. उडाले की फोटो झकास येतो. पंखांखालचा लाल-काळा रंग दिसतो. पण त्या फोटोची नावे बाजू त्या थव्याच्या खात्यावर पडते. शेकडो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवायचे आणि वर त्याचा फोटो काढायचा, याला आपल्याकडे छायाचित्रण म्हणत नाहीत. पहिली मान वर झाली की नाव थांबवावी. त्या जागेवरून जेवढा पक्षी मिळेल तेवढाच आपला. लांब लेन्सची किंमत द्यायची ती याचसाठी, की पक्ष्याला उठावे लागू नये. जवळ जाण्यासाठी लेन्स लागतच नाही; त्याला पाय पुरतात. लांब राहण्यासाठी लेन्स लागते. ही एक ओळ परीक्षणात आली असती, तर मी विटांच्या सगळ्या भिंती माफ केल्या असत्या.

तेव्हा निकाल असा. ज्या कंपनीचा कॅमेरा घरात आहे तिला बसणारी लेन्स घ्यावी. सहा बहिणींत पंथभेद करू नये. माळावरच्या आणि पाणथळीच्या पक्ष्यांसाठी ५०० किंवा ६००, जे परवडेल ते. जंगलासाठी आणि फुलपाखरांसाठी १०० ते ४००. पन्नाशी जवळ आली असेल आणि मान कुरकुरत असेल, तर आधी वजन पाहावे, मग मिलिमीटर. पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळते. विकत घेण्यापूर्वी दोन दिवस आणून खांद्यावर वागवावी आणि तिसऱ्या दिवशी खांद्याचे मत घ्यावे. खांदा परीक्षणकर्त्यांपेक्षा खरे बोलतो.

उरले ते शेवटचे शंभर मिलिमीटर. ते दुकानात मिळतात, हप्त्यानेही मिळतात. तळ्याकाठी झुडपाआड तासभर न हलता बसणाऱ्याला ते फुकट मिळतात, कारण तासाभराने खंड्या स्वतःच चार पावले अलीकडच्या फांदीवर येतो. फक्त तिथे काउंटर उघडायची वेळ त्याच्या हातात असते, आणि आपण टोकन घेऊन बसलेले गिऱ्हाईक असतो.